गव्यावर आळ घेऊ नकोस

राधानगरी,
रविवार, रात्री

प्रिय बाळू,

पत्र मिळालं. गवा उसात शिरला आणि आठवड्याभरात म्हशीला लाळ्या-खुरकूत लागली, असं तू लिहिलंयस. ऐन दुभत्यात म्हैस बसली की घराचं काय होतं, ते मी जाणतो. पण गव्यावर आळ घेऊ नकोस. बाजारातून आणलेली रेडी तू किती दिवस वेगळी बांधली होतीस?

गेल्या महिन्यात रानाच्या कडेच्या एका गोठ्यात गेलो होतो. गाईच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती, जिभेची साल निघालेली, खुरांच्या बेचक्यात लालभडक जखम. वासरू सकाळी दूध प्यालं आणि दुपारी पडलं ते उठलंच नाही. लहान वासरांच्या काळजावरच हा रोग घाला घालतो. दूध आटेल म्हणून मालकानं लस नको म्हटलं होतं. बाकीची गुरं मात्र त्याच ओढ्यावर पाण्याला जात होती, जिथं तिन्हीसांजेला गवे उतरतात. आपण गाईचं तोंड पोटॅशच्या पाण्यानं धुतो, बोरॅक्स-ग्लिसरीन लावतो, चारा पुढ्यात टाकतो. लंगड्या गव्याला कोण बघणार, बाळू?

गव्याकडून रोग परत गोठ्यात येणारच नाही, असं मी म्हणत नाही. पण रानात तो बहुतेकदा आपल्याच दावणीतून जातो.

बुळकांडी आठव, गुरांचा तो जीवघेणा साथीचा रोग. 1890 च्या दशकात तिनं आफ्रिकेतली गुरं झोपवली, रानरेडेही झोपवले. पुढं तिथल्या गुरांना लस टोचली, तशी रानातली साथही थांबली, आणि तिथल्याच सेरेंगेटीच्या रानातले विल्डबीस्ट, म्हणजे हरणाच्या कुळातले मोठे प्राणी, 1960 च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास होते, ते 1970 चं दशक संपेतो 13 लाखांवर गेले. रानातल्या एकालाही सुई लावावी लागली नाही! आपल्या देशात बुळकांडी शेवटची दिसली 1995 साली, आणि 2011 मध्ये ती जगातूनच गेली.

लाळ्या-खुरकूत तितकी सोपी नाही. तिच्या विषाणूचे प्रकार अनेक, लसीचा जोर थोडे महिने टिकतो, बरं झालेलं जनावरही घशात विषाणू बाळगू शकतं. म्हणून तर दर सहा महिन्यांनी टोचायची.

गुरुवारी लस घेऊन येतोय. आधी आजूबाजूच्या वाड्यांतले निरोगी गोठे करतो, बिल्ला नसेल त्यांच्या कानात बिल्लाही मारतो. तुझ्या म्हशीला आत्ता टोचायची नाही. तिला ओढ्यावर सोडू नकोस, गोठ्यातच बादलीनं पाणी दे. आणि ती बादली दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात जाऊ देऊ नकोस.

तुझा,
दत्ता