बंद दाराला बजेट लागत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या पुरवणीतलं त्या भूतपटाचं परीक्षण वाचलं आणि सकाळीच डोकं फिरलं. पत्र तेव्हाच लिहायला घेतलं होतं, पण रागात लिहिलेलं तुम्ही छापत नाही हा पूर्वानुभव, म्हणून एक दिवस थांबलो. राग तेवढाच आहे, वाक्यं फक्त जरा सरळ झालीत.

परीक्षकांनी तीन स्टार दिले, देऊ देत, स्टार काय कुणाच्या खिशातून थोडेच जातात. पण त्यांचं ते वाक्य, 'बजेटच्या मर्यादा लक्षात घेता हा एक प्रामाणिक प्रयत्न आहे', ते काही केल्या घशाखाली उतरत नाहीये. प्रामाणिक कशावरून? महाशय, मी तो सिनेमा पहिल्याच दिवशी भाचीला घेऊन बघितलाय, ऐकीव बोलत नाहीये, आणि त्यात मला प्रामाणिक अशी एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे ते मांजर. त्याच्याकडे येतोच.

आधी तो अंगणातला सीन घ्या. मध्यरात्र, नायिका कंदील घेऊन बाहेर येते (आधीच्याच सीनमध्ये हातात मोबाइल होता, त्याचा टॉर्च काय भुताने नेला?), सगळीकडे निळंशार, भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके. आणि बाईच्या पायाकडे बघावं तर सावली इवलीशी, चपलेतच अडकलेली. म्हणजे बारा वाजले होते हे शंभर टक्के खरं, पण दुपारचे! दिवसा शूट करून रात्र म्हणून दाखवायची ही फार जुनी युक्ती आहे, 'डे फॉर नाइट' म्हणतात तिला, मोठमोठ्यांनी केलीय, त्यात कमीपणा काहीच नाही. पण करणारे एवढं तरी बघतात की आभाळ फ्रेममध्ये येणार नाही, ऊन माणसाच्या पाठीमागून पडेल म्हणजे ते चांदण्यासारखं वाटेल, आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, खाली ठेवलं जाईल. यांनी नुसता निळा रंग ओतला. सूर्य थोडा कलेपर्यंत तीन-चार तास थांबायचं होतं हो, थांबायला कुठलं बजेट लागतं?

आता मांजर. मांजर चार वेळा अंगावर येतं. पहिल्यांदा माळ्यावरून, दुसऱ्यांदा कपाटातून, आणि उरलेल्या दोन वेळा तोच माळ्यावरचा शॉट उलटा फिरवून लावलाय. कसं कळलं म्हणाल तर त्या मांजराच्या डाव्या कानावर पांढरा ठिपका आहे, तो नंतर उजव्या कानावर जातो. हे माझ्या नाही, भाचीच्या लक्षात आलं, वय वर्षं चौदा. तीच पोरगी शेजारी बसून बोटांवर मोजत होती. पार्श्वसंगीत बंद झालं की हिची बोटं सुरू, तीन, दोन, एक, आणि ढॅण्ण! एकदाच चुकली, 'ढॅण्ण' अर्ध्या सेकंदाने आधी आलं. मामा, ही चूक त्यांची आहे, माझी नाही, असं म्हणाली. मला त्या अख्ख्या सिनेमातला तेवढाच संवाद लक्षात राहिलाय.

तुमच्या परीक्षकांनी याला 'अंगावर काटा आणणारे क्षण' म्हटलंय. अहो, मागून येऊन कुणी फट्कन फुगा फोडला तरी माणूस दचकतोच, डोळे मिटतात, मान आत जाते, ते शरीर आपसूक करतं. त्याला घाबरणं म्हणत नाहीत. आणि तोच आवाज पुन्हापुन्हा केला की शरीरही कंटाळतं, दहाव्या वेळेला ते तेवढं दचकत नाही. ही युक्ती काही आजकालची नाही, 1942 च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री रस्त्याने एकटी चाललीय, मागून पावलांचा आवाज येतोय, मग तो आवाजही थांबतो, आता काहीतरी झडप घालणार म्हणून आपण श्वास धरून बसतो आणि अचानक कर्कश आवाज करत समोर येते ती बस! निर्माता व्हॅल लूटन, त्याच्या नावाने अशा फसव्या दणक्याला 'लूटन बस' म्हणायला लागले. पण लक्षात घ्या, त्या बसच्या आधी बाईला तेवढं चालवलंय, आपल्याला तेवढं ताणलंय. आपल्याकडच्या या पिक्चरमध्ये नुसत्या बसच बस, स्टॉपवर कुणी उभंच नाही.

आणि बजेटचं तर मला सांगूच नका. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' ओरेन पेली नावाच्या माणसाने स्वतःच्याच घरात आठवडाभरात शूट केला, 15 हजार डॉलरच्या आसपास खर्चून, कॅमेरा बेडरूममध्ये स्टँडवर लावून ठेवलेला आणि एक जोडपं झोपलंय. बराच वेळ काहीच होत नाही. मग दार जरासं हलतं, बस्स. जगभर 19 कोटी डॉलरच्या वर धंदा केला त्याने. 1999 चा 'ब्लेअर विच प्रोजेक्ट' घ्या, जंगलात तीन पोरं, त्यांनीच कॅमेरा धरलाय, आणि जिच्या शोधात गेलीत ती चेटकीण शेवटपर्यंत एकदाही दिसत नाही, एकदाही! 1978 च्या 'हॅलोवीन'मधल्या खुन्याचा तो प्रसिद्ध मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक' या अंतराळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा मुखवटा होता, त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली, झालं काम. संगीतही दिग्दर्शक जॉन कारपेंटरने स्वतःच केलं. 'ईव्हिल डेड'वाल्या पोरांनी तर कॅमेरा लाकडाच्या फळीवर ठोकला आणि दोघं दोन बाजूंनी फळी धरून जंगलातून पळत सुटले, आपल्याला वाटतं काहीतरी भयंकर जमिनीलगत धावत येतंय. यांच्याकडे काय पैशाचं झाड होतं? 'मर्यादा' हा शब्द वापरताना परीक्षकांनी ही मंडळी आठवायला हवी होती.

मला इतकं का लागलं ते सांगतो. कारण मी स्वतः या धंद्यातला आहे, म्हणजे होतो, आणि धंदा कसला, पदरमोडच. तरुणपणी आमचा हौशी नाटकाचा ग्रुप होता, मी बॅकस्टेजला. एक भुताची एकांकिका बसवली होती, पैसे शून्य. सेटवर एक टेबल, एक खुर्ची आणि मागच्या भिंतीला एक दार. शेवटी ते दार आपोआप उघडतं आणि पलीकडे कुणीच नसतं, असा प्रकार. दाराला मासे धरायच्या गळाची नायलॉनची दोरी बांधलेली, तिचं टोक विंगेत माझ्या हातात. नटाने म्हणायचं, 'कोण आहे तिकडे?', की मी मनात पाच मोजून दोरी ओढायची, हळूहळू, झटका द्यायचा नाही. पहिले दोन प्रयोग व्यवस्थित झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकदोन जण हसलेही, कारण पुढच्या रांगेला लाइटमध्ये दोरी चमकताना दिसत होती.

तिसऱ्या प्रयोगाला वाक्य आलं. मी पाच मोजले, ओढलं, आणि दोरी गाठीपाशीच तुटली. हातात एवढासा तुकडा राहिला. दार जागचं हललं नाही. माझ्या पाठीवरून घामाची धार गेली ती अजून आठवते. नट दाराकडे बघत उभा. त्याला वाटलं मी क्यू विसरलो, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, 'कोण आहे?', या वेळी आवाज खरोखर कापत होता, कारण पुढचं वाक्यच नव्हतं त्याच्याकडे, सगळं त्या दारावर अवलंबून. मग तो गप्प झाला. दार बंद. आत मी तो दोरीचा तुकडा धरून उभा, प्रॉम्प्टर माझ्याकडे बघतोय, मी प्रॉम्प्टरकडे. किती वेळ गेला असेल, अर्धा मिनिट, जास्त नाही. आणि मला हळूहळू जाणवलं की थिएटरात चिटपाखरूसुद्धा हलत नाहीये. खोकला नाही, खुर्चीची करकर नाही. तीनशे माणसं एका बंद दाराकडे बघतायत. शेवटी नट बिचारा न सुचून एक पाऊल मागे सरकला, त्याची टाच खुर्चीला लागली, खुर्ची एवढीशी सरकली, आणि चौथ्या-पाचव्या रांगेतून एक बाई जी किंचाळली! त्याबरोबर लाइटवाल्या पोराने घाबरून ब्लॅकआउटच करून टाकला. पडदा.

मी शिव्या खायच्या तयारीने उभा होतो. आमचा दिग्दर्शक आत आला, दोरीचा तुकडा माझ्या हातातून घेतला, बघितला, खिशात घातला आणि म्हणाला, 'उद्यापासून बांधू नकोस.' पुढचे सगळे प्रयोग आम्ही दार न उघडता केले. दोरीचेही पैसे वाचले.

म्हणून या भूतपटाच्या शेवटच्या रिळात तसंच एक बंद दार दिसलं ना, तेव्हा मी खुर्चीत पुढे सरसावून बसलो होतो, खोटं कशाला बोलू. म्हटलं आतापर्यंतचं सगळं माफ, एवढं दार बंद ठेवा. पण कुठलं काय, करकर आवाज, खालून धूर, दार सताड उघडं, आणि पलीकडे भूतबाई फुल लाइटमध्ये, केसांचा विग कपाळावर चिकटवल्याची रेघ दिसतेय, आणि नखांना ताजं मरून नेलपॉलिश. बाई साठ वर्षांपूर्वी विहिरीत बुडून मेलेली. बरं, आली ती आली, गप्प तरी बसावं, तर तिथे उभं राहून चार मिनिटं स्वतःची सगळी हकिगत सांगते, कुणी मारलं, का मारलं, दागिने कुठे पुरले. भुताने एवढं समजावून सांगितल्यावर माणूस घाबरेल की तक्रार लिहून घेईल? भाची तेव्हा झोपली होती. चार मांजरांना न झोपलेली पोरगी भूत बोलायला लागल्यावर झोपली.

आणि हो, ज्यांनी हा सिनेमा अजून पाहिला नाही त्यांनी घाबरायचं काही कारण नाही, मी वर काहीही फोडलेलं नाही. ते काम तुमच्या परीक्षणाने आधीच केलंय. आत्या पहिल्यापासून मेलेली असते, हे एकमेव बऱ्यापैकी गुपित त्या सिनेमात होतं, ते तुम्ही कुठे दिलंत? फोटोखालच्या ओळीत! 'मृत आत्याच्या भूमिकेत' अमुक अमुक. निदान परीक्षण न वाचणाऱ्या माणसाला तरी सोडायचं. मी सिनेमा आधी पाहिला म्हणून वाचलो, माझ्या मेहुण्यांनी फोटो पाहून तिकीटच रद्द केलं, तेवढे एक पुण्य मात्र तुमच्या पदरात.

परीक्षकांविषयी वैयक्तिक आकस काही नाही, ते जुन्या गाण्यांवर लिहितात ते मी कापून ठेवतो. फक्त पुढच्या वेळी भूतपटाला त्यांच्याऐवजी कुणी घाबरणारा माणूस पाठवा. मागच्या खेपेला माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद जागेअभावी कापला होतात, आणि शेजारी अर्धा पान भविष्य छापलं होतंत, तेव्हा या वेळी कापायचंच असेल तर मधलं कापा, दोरीचं तेवढं ठेवा.

आपला,
एक जुना बॅकस्टेजवाला

ता. क. : त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात आडवा 9, 'अचानक उरात भरणारी', चौकोन चार. दुसऱ्या दिवशी उत्तर छापलंत 'धडकी'. ध, ड, की. चौथ्या चौकोनात मी काय भरायचं?