जेरोन्टॉलॉजी सर्टिफिकेट कोर्सबद्दल तक्रार: फी पूर्ण घेतली, शिकवलं अर्धं, सर्टिफिकेट अडवून ठेवलं

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

नमस्कार,

मी तुमच्या जून २०२५ च्या बॅचची विद्यार्थिनी, चिंचवडला राहते. जेरोन्टॉलॉजीचा, म्हणजे वार्धक्यशास्त्राचा, सहा महिन्यांचा ऑनलाइन प्रोफेशनल सर्टिफिकेट कोर्स मी तुमच्याकडे केला. फी ४२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४९,५६० रुपये, ८,२६० चे सहा हप्ते, एकही चुकवला नाही. आता कोर्स संपलाय पण सर्टिफिकेट हातात नाहीये, आणि सप्टेंबरपासून टाकलेली माझी तक्रारीची चारही तिकिटं तुमच्या सिस्टीमने 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून बंद केलीत. म्हणून सविस्तर लिहितेय, कृपया कोणीतरी माणसाने वाचावं.

आधी मी हा कोर्स का घेतला ते सांगते, नाहीतर तक्रार कळणार नाही. सासूबाईंना पॅरालिसिस झाला तेव्हापासून सहा वर्षं त्यांचं सगळं मी केलं. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे मला त्यांच्या पाठीला जखम झाल्यावर कळलं, त्याआधी कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ते अजून मनातून जात नाही. त्या गेल्यावर मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या विरंगुळा केंद्रात मदतीला जायला लागले, तिथे रोज तीस-पस्तीस आजी-आजोबा येतात, आणि वाटलं की आता तरी नीट शिकून करायचं.

ऍडमिशनच्या आधी तुमच्या काउन्सेलर मॅडम दिवसातून तीन-तीनदा फोन करायच्या. भारतातल्या परिस्थितीवर आधारित अभ्यासक्रम, दर शनिवारी रात्री लाइव्ह सेशन अशी २४, आणि तुमच्याच शहरातल्या वृद्धाश्रमात ४० तासांचं प्रॅक्टिकल, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि तुमच्या माहितीपत्रकातही छापलंय, ते मी जपून ठेवलंय.

प्रत्यक्षात लाइव्ह सेशन झाली ९. बाकीच्या शनिवारी जुन्या रेकॉर्डिंगची लिंक यायची, प्रश्न विचारायची सोयच नाही. तिसरं मॉड्यूल होतं 'वृद्धांसाठी कायदे आणि योजना', ज्याची मी सगळ्यात जास्त वाट बघत होते, तर त्यात पूर्ण चार तास अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा. पार्ट ए काय, पार्ट बी काय, औषधांसाठी पार्ट डी काय. तेही जुनं, कारण व्हिडिओत पार्ट बी चा महिन्याचा हप्ता १३४ डॉलर सांगतात, तो २०१८ चा आहे, २०२५ मध्ये तो १८५ होता, म्हणजे तिथल्या माणसालाही त्याचा उपयोग नाही. मी सगळं पाठ केलं, क्विझमध्ये पैकीच्या पैकी मिळाले, पण त्याच आठवड्यात केंद्रातल्या एका आजींनी विचारलं की फ्लॅट बक्षीसपत्राने मुलाला दिला, आता तो औषधालासुद्धा पैसे देत नाही, काय करू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा आहे, त्यात प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि मुलाने सांभाळलं नाही तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो, हे मी दुसरीकडून शोधून शिकले. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, श्रावणबाळ योजना, यातलं एक अक्षर तुमच्या कोर्समध्ये नाही. ४९ हजार घेऊन हे मीच शोधायचं?

पडण्यापासून बचावाच्या मॉड्यूलमध्ये बाथटब, गालिचे, अंगणातला बर्फ. आमच्याकडे माणसं मोरीत पडतात, ओल्या फरशीवर साबणाने घसरतात, रात्री लाइट गेल्यावर उंबरठ्याला अडखळतात, भारतीय संडासातून उठताना तोल जातो. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायची जी चाचणी शिकवली ती चांगली आहे, मी केंद्रात करतेही. पण जमिनीवर बसणाऱ्या, जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते कोण शिकवणार?

सगळ्यात वाईट वाटलं ते स्मरणशक्तीच्या चाचणीचं. तुमच्या असाइनमेंटप्रमाणे ३० मार्कांची एमएमएसई ही प्रश्नोत्तरांची चाचणी एका व्यक्तीवर करून पाठवायची होती. मी ज्या आजींवर केली त्या शाळेत कधी गेल्याच नाहीत. त्यांना वाक्य लिहायला सांगायचं, शंभरातून सात-सात वजा करायला लावायचं, 'वर्ल्ड' चं स्पेलिंग उलटं विचारायचं, राज्यानंतर 'काउंटी' (अमेरिकेतला जिल्हा) कोणती ते विचारायचं. आजींचे मार्क इतके कमी आले की तुमच्या तक्त्याप्रमाणे त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि याच आजी अख्ख्या केंद्राच्या भिशीचा हिशोब तोंडी ठेवतात! मी असाइनमेंटमध्ये हे लिहिलं, विचारलं की निरक्षर माणसांसाठी हिंदीत बदलून केलेली चाचणी नव्वदच्या दशकातच हरियाणातल्या बल्लभगडमध्ये वापरली गेलीये, ती का शिकवत नाही. उत्तर आलं 'ग्रेट वर्क, कीप लर्निंग'. एखाद्या विद्यार्थिनीने तो तक्ता खरा मानून घरच्यांना सांगितलं तर त्या म्हातारीचं काय होईल याचा विचार करा.

चांगलं होतं तेही सांगते. पाचव्या मॉड्यूलमध्ये डिलिरियमवर ज्या नर्स मॅडमनी शिकवलं ते सेशन फार मोलाचं होतं. म्हातारं माणूस अचानक एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागलं तर 'वयाने होतंय' म्हणून सोडू नका, आधी लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नवीन औषध हे बघा, असं त्यांनी सांगितलं. ऑक्टोबरमध्ये केंद्रातले एक काका असेच बरळायला लागले, घरचे म्हणत होते आता असंच चालायचं, मी हट्ट धरून त्यांना दवाखान्यात पाठवलं, लघवीचं इन्फेक्शनच निघालं आणि आठवड्याभरात काका परत कॅरम खेळायला हजर. एका सेशनने एवढं होतं, म्हणून तर न झालेल्या १५ सेशनचा मला एवढा राग आहे.

आता प्रॅक्टिकल. तुम्ही तीन वृद्धाश्रमांची यादी दिलीत. एक बंद पडलाय, दुसऱ्यांनी तुमचं नावच ऐकलेलं नाही असं सांगितलं, तिसरा दुसऱ्या जिल्ह्यात. तुमच्याच मेलवर विचारून, 'प्रोसीड' असं लेखी उत्तर आल्यावर मी विरंगुळा केंद्रात ४० तास पूर्ण केले, रोजची नोंद आणि संघाच्या अध्यक्षांची सही असलेलं लॉगबुक अपलोड केलं. डिसेंबरमध्ये ते रिजेक्ट झालं, कारण दिलं की सुपरवायझर तुमच्या 'अफिलिएटेड' संस्थेचा नाही. अफिलिएटेड संस्था तुम्हीच दिली नाहीत ना! फी परत मागितली तर म्हणे सात दिवसांची मुदत गेली. दर आठवड्याला एकच धडा उघडायचा, मग सात दिवसांत कोणाला काय कळणार?

माझं म्हणणं साधं आहे. माझे ४० तास मान्य करून सर्टिफिकेट द्या आणि न झालेल्या १५ सेशनचे ३०,९७५ रुपये जीएसटीसकट परत करा, किंवा सर्टिफिकेट देणार नसाल तर पूर्ण ४९,५६०. आणि माहितीपत्रकातलं 'भारतातल्या परिस्थितीवर आधारित' हे वाक्य काढा, निदान पुढच्या बॅचच्या बायका तरी फसणार नाहीत, माझ्या बॅचमध्ये दोघीजणी नोकरी सोडून आल्या होत्या.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझं पहिलं तिकीट २२ सप्टेंबरचं आहे. या पत्राला १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच दाखल करता येते आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, हे मी माहिती करून घेतलंय.

लॉगबुक, 'प्रोसीड' वाला मेल, माहितीपत्रक आणि सहाही हप्त्यांच्या पावत्या सोबत जोडल्यात. उत्तर मेलवरच द्या, चॅटबॉटवर नको. फोन करायचा असेल तर दुपारी चारनंतर करा, तोपर्यंत मी केंद्रात असते.

आपली,
जून २०२५ बॅचची विद्यार्थिनी
चिंचवड, १२ जानेवारी २०२६