लेकरू कोणापाशी उगी राहते, ते आजीलाही विचारा

महोदय,

आर्वी तालुक्यातल्या (जि. वर्धा) एका लहान गावात मी 22 वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. मागच्या हिवाळ्यात एका विद्यापीठाचा संशोधन चमू आमच्या गावात आला होता. एक ते तीन वर्षांची लेकरं माणसांशी कशी जुळतात, घाबरली की कोणाकडे धावतात, रडणं कसं आवरतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मला फार आनंद झाला. दर महिन्याला मी लेकरांचं वजन, उंची, दंडघेर मोजते आणि मोबाईलवर भरते. पण माणूस दिसला की कोपऱ्यात अंग चोरणारं, बोलावलं तरी कोणाकडे न बघणारं लेकरू मी कुठे नोंदवू? वजन बरोबर भरलं की ते लेकरू कागदावर ठणठणीत असतं.

चमूनं अंगणवाडीच्या खोलीत चटई टाकून खेळणी मांडली. आईनं लेकरू घेऊन बसायचं, थोड्या वेळानं उठून बाहेर जायचं आणि परत यायचं. तेवढ्यात लेकरू काय करते ते कॅमेऱ्यात टिपायचं. दीड वर्षाची एक पोरगी आई गेली तरी चेंडू लोटत बसली. आई परत आली तेव्हा तिनं एकदा मान वर केली आणि दाराशी बसलेल्या आजीच्या मांडीवर जाऊन बसली. चमूतल्या ताईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला राहवलं नाही, मी आजीलाच विचारलं. ती म्हणाली, "मडम, वेचणीचे दिस आहेत. माय सकाळी आठले जाते, दिवे लागले की येते. लेकरू माह्यापाशीच रायते."

कापसाच्या दिवसांत आमच्या गावातल्या बहुतेक लेकरांचं असंच असतं. आई रोजच उठून जाते, म्हणून ते रडत नाही. आईवर त्याचा जीव नाही, असा अर्थ त्यातून काढला तर त्या मायवर अन्याय होईल. सांजेला ती बांधावरून येताना दिसली की हीच पोरगी अनवाणी धावत सुटते. पण तेव्हा कॅमेरा नसतो.

चमूतल्याच एका मुलीनं मला सांगितलं की आईनं उठून जायची ही पद्धत अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांची. ती त्यांनी बाल्टिमोर शहरात बसवली. पण त्याच्या आधी, 1954-55 मध्ये, त्या युगांडात होत्या आणि तिथल्या 26 कुटुंबांच्या घरी महिनोन् महिने जाऊन बसत, मायलेकरांना बघत. माझं म्हणणं एवढंच, की खोलीतल्या काही मिनिटांच्या आधी आमच्या ओट्यावरही असं बसावं.

प्रश्नावलीचंही तसंच झालं. 'भावनांचे नियमन' हे शब्द ऐकून बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी विचारलं, "लेकरू कोणापाशी, कसं उगी रायते?" मग त्यांना थांबवणं कठीण झालं. कोणी सांगे, भाऊ कडेवर घेऊन गोठ्यात नेतो आणि वासरू दाखवतो. कोणी म्हणे, काकीच्या बांगड्यांशी खेळलं की विसरते. हे सगळं त्या छापील कागदात मावलं नाही.

आजी असली की सगळं छान, असं मी म्हणत नाही. दमलेली, गुडघ्यानं अधू झालेली म्हातारी दुपारी लेकराच्या हातात मोबाईल देऊन आडवी होते, हेही मी रोज बघते. त्या लेकराला बोलायला कोणी नसतं. त्याचं काय होतं, हे शोधून काढायलाच तर शिकलेल्या माणसांनी इथं यायला हवं. 'नवचेतना' हा केंद्र सरकारचा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचा आराखडा 2024 मध्ये आला. गृहभेटीत आईबापाला खेळणं-बोलणं शिकवायचं, असं त्यात आहे. मग आजीला कोण शिकवणार?

आणखी एक गोष्ट मनाला लागून आहे. काही वर्षांपूर्वी दुसरा एक चमू येऊन घरोघरचे कागद भरून घेऊन गेला, तो पुन्हा फिरकला नाही. बायका आजही विचारतात, "आमच्या लेकराचं काय निंघालं?" आमच्याच विदर्भात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत तिथल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजातांचे मृत्यू, अशी काळजी न शिकवलेल्या गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी घटले आणि 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ते संशोधन परदेशात पोचलं, पण त्याचा पहिला उपयोग त्याच गावांतल्या बाळांना झाला होता. आमच्या लेकरांच्या अभ्यासाकडूनही माझी हीच अपेक्षा आहे. माता बैठकीत येऊन, समजेल अशा बोलीत, काय दिसलं ते सांगा. एखाद्या लेकराची काळजी वाटली असेल तर त्याच्या घरी सांगा, मलाही सांगा.

चमू यंदा पुन्हा येणार असल्याचं कळलं आहे. ताईंनी हे पत्र वाचलं तर माझी विनंती आहे, वेचणीच्या दिवसांतच या, पण सकाळी आठच्या आत या. माय घरून निघताना लेकरू काय करते ते बघा आणि ती येईपर्यंत थांबा. दुपारच्या भाकरीची सोय मी करीन.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
ता. आर्वी, जि. वर्धा