प्रिंटरवर राहिलेली तुझी चार पानं

प्रिय सई,

तू वरच्या खोलीत आहेस आणि मी खाली डायनिंग टेबलवर बसून हे टाइप करतोय. चौदा पायऱ्या चढून आलो असतो तर पाच मिनिटांत बोलून झालं असतं, पण समोरासमोर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो आणि मग तू दार लावून घेतेस, म्हणून हे.

मंगळवारी प्रिंटरवर तुझी चार पानं राहिलेली. मी इन्शुरन्सचा कागद काढायला गेलो आणि ती उचलून उभ्या उभ्या वाचली, सगळी. सॉरी. मुलगी कॉन्फिडेन्शिअलिटी शिकतेय आणि बाप हा असा. तो क्लासमधला रोल-प्ले होता, नावं खोटी होती, हे शेवटच्या पानावर कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

वर लिहिलं होतं प्रोसेस रेकॉर्डिंग. एका रकान्यात तो माणूस काय म्हणाला, दुसऱ्यात तू काय म्हणालीस, तिसऱ्यात तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं. तो म्हणतो रात्री दोनला जाग येते, मग छताकडे बघत पडून राहतो. तू लगेच विचारतेस, झोपायच्या आधी गरम दूध घेऊन बघितलं का. आणि तिसऱ्या रकान्यात तुझ्या हाताने लिहिलंय, तो गप्प झाला ते मला सहन झालं नाही म्हणून उपाय सांगून टाकला. शेजारी तुमच्या मॅडमनी पेनाने फक्त एवढंच लिहिलंय, 'इथे थांबली असतीस तर?'

ती ओळ मी तीनदा वाचली बघ. कारण इचलकरंजीच्या काकाशी मी वर्षभर हेच करतोय. यंत्रमाग विकल्यापासून तो घराबाहेर पडत नाही, काकू सांगते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतो, पेपरची घडीसुद्धा मोडत नाही, आणि मी इथून न्यू जर्सीतून फोनवर, अरे फिरायला जा, अनुलोम-विलोम कर, देवाने सगळं दिलंय तुला, त्यात काय एवढं. तो हो हो म्हणतो आणि फोन काकूकडे देतो. चार मिनिटात कॉल संपतो आणि मला वाटतं भावाची चौकशी केली.

आता गेल्या वर्षीचं. तू कॉम्प्युटर सायन्स सोडून कम्युनिटी कॉलेजात ह्यूमन सर्व्हिसेस, म्हणजे अडचणीतल्या माणसांना मदत करायचं शिक्षण, घेतलंस तेव्हा मी बोललो ते, की साठ क्रेडिटची डिग्री आणि तीही लोकांची रडगाणी ऐकायची. ते मी बोललो, आणि वर गणपतीत मंडळात लोकांना सांगत सुटलो की मुलगी हेल्थकेअरमध्ये आहे. खोटं नव्हतं पण लपवाछपवीच होती. आपल्याकडे ही जुनी खोड. आमच्या लहानपणी माझ्या मोठ्या आत्याला रात्री भास व्हायचे, तर तिला दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला न्यायचे, पुण्यात येरवड्याला एवढं मोठं मनोरुग्णालय होतं पण तिथे नेलं तर बाकीच्या मुलींची लग्नं कशी होणार हा घरातला प्रश्न.

आणि हे फक्त आपलंच नाही हे तुझ्यामुळे कळलं, तू जेवताना अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष केनेडीचं सांगितलंस ना. त्याची बहीण रोझमेरी, १९४१ मध्ये तेवीस वर्षांची असताना तिच्या मेंदूचं ते लोबोटॉमीचं ऑपरेशन केलं, ती कायमची अधू झाली आणि एवढ्या पैशावाल्या घराने तिला वर्षानुवर्षं लोकांच्या नजरेआड ठेवली. मग त्याच भावाने ३१ ऑक्टोबर १९६३ ला कम्युनिटी मेंटल हेल्थचा, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलांऐवजी गावोगावी मानसिक आरोग्याची केंद्रं काढायचा कायदा सही केला आणि तीन आठवड्यांनी त्याचा खून झाला. ठरलेल्यातली जेमतेम निम्मी केंद्रं उभी राहिली म्हणालीस. मोठी हॉस्पिटलं रिकामी झाली, माणसं गावात आली, पण त्यांना अपॉइंटमेंटला न्यायला, मेडिकेडचे, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, फॉर्म भरायला, औषध घेतलं का विचारायला कोणी नको का? ते काम करणारी माणसं तुमच्या कॉलेजातून निघतात, हे मला तेव्हा पटलं होतं पण मी भात वाढून घेतला आणि गप्प बसलो.

एक मात्र बापाचं ऐक. तुझी डिग्री ए.ए.एस., म्हणजे थेट नोकरीसाठीची आहे, की ए.एस., म्हणजे पुढे शिकण्यासाठीची, ते नीट विचारून घे, आजच काउन्सेलरला मेल टाक. न्यू जर्सीत २००७ चा कायदा आहे, ए.ए. किंवा ए.एस. पूर्ण केलं की सरकारी युनिव्हर्सिटीत क्रेडिट्स धरतात, पण ए.ए.एस.ला ती हमी नाही. उद्या रटगर्स युनिव्हर्सिटीत सोशल वर्क करायचं झालं तर अर्धं परत शिकायला नको, आणि परत फी भरायला मला नको. हा सल्ला आहे, मान्य, पण याला थांबून चालणार नाही.

आणि तू जुलैत आईला सांगत होतीस की जीव द्यायचा विचार येतो का असं सरळ विचारलं तर विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मी टीव्हीच्या खोलीतून ऐकत होतो. मला वाटलं अशुभ कशाला बोलायचं. आता काकाच्या बाबतीत तो प्रश्न माझ्या घशात अडकलाय आणि मला तो कसा विचारायचा ते येत नाही. अशा वेळी मदतीला फोन करायला इथे ९८८ आहे, तिकडे सरकारच्या टेली मानसचा १४४१६ आहे, मराठीतून बोलतात आणि फुकट, तो नंबर मी काकूला व्हॉट्सॲपवर टाकलाय, पण तिने तो बघून फक्त हात जोडल्याची इमोजी पाठवली.

रविवारी सकाळी साडेआठला, म्हणजे तिकडे संध्याकाळी सहाला, मी काकाला फोन लावणार आहे. तू माझ्या शेजारी बस. तू बोलायचं नाहीस, तुझं शिक्षण अजून चालू आहे आणि तो तुझा काका आहे, ते मला कळतं. मी फिरायला जा म्हणायला लागलो की फक्त माझ्या पायावर पाय दे.

पानं प्रिंटरखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीत. दुसऱ्या पानावरचा चहाचा डाग माझा आहे.

बाबा