एमओपी म्हणजे काय, ते एकदा ऐकून घे

नाशिक,
रविवार, रात्री

प्रिय अव्या,

माझ्या दुकानात बघितलेली कॅमेऱ्याची लेन्स दुसरीकडे नऊ हजारांनी स्वस्त मिळाली, हा तुझा स्क्रीनशॉट मिळाला. खाली लिहिलंयस, "मित्रालाच लुटायला निघाला होतास." सोबत हसरा चेहरा होता म्हणून गप्प बसलो, पण तीन दिवस ते डोक्यातून जात नाहीये. फोनवर भांडण होईल, म्हणून लिहितोय.

तुझी लेन्स एक लाखाची धर, हिशेब सोपा पडतो. खोक्यावरची एमआरपी त्याहून बरीच वर, ती फक्त त्यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत एवढ्यापुरती. खरा भाव एमओपी, म्हणजे मार्केट ऑपरेटिंग प्राइस, कंपनीनं ठरवलेला विक्रीचा भाव. तो कंपनीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आणि एम. जी. रोड असो की कॉलेज रोड, सगळ्यांनी तोच सांगायचा. मला ती पडते पंच्याण्णव हजारांना. उरले पाच. तू क्रेडिट कार्ड घासलंस की त्यातले दीड-दोन बँकेचे. वरचं मार्जिन तिमाहीचं टार्गेट झालं तर क्रेडिट नोटनं मिळतं, म्हणजे रोख नाहीच, पुढच्या मालात वळतं. टार्गेटला चार कॅमेरा बॉडी कमी पडल्या की नको असलेला माल उचलतो आणि वर्षभर त्याच्यावरची धूळ झटकतो.

"मग पदरचे दोन हजार सोड ना," म्हणशील. सोडले होते रे. गेल्या वर्षी एक पोरगा आला. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलोय म्हणाला, फार गयावया केली, कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर मागितलं. मी एमओपीच्या अठराशे खाली लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या माणसाचा फोन, "शेठ, हे काय?" माझंच कोटेशन त्याच्या मोबाइलवर! पोरगा पुन्हा फिरकला नाही. पुढे दीड महिना नवं मॉडेल मागितलं की उत्तर एकच, स्टॉक नाही. लेखी काही नाही हं. कागदावर ती नुसती शिफारस.

कायदा नाही असं नाही. दुकानदारानं माल पुढे कितीला विकायचा हे कंपनीनं बांधून दिलं आणि त्यानं स्पर्धा मारली गेली, तर 2002च्या स्पर्धा कायद्यात ते बसत नाही. ऑगस्ट 2021मध्ये स्पर्धा आयोगानं मारुती सुझुकीला याच कारणासाठी 200 कोटींचा दंड ठोठावला. डीलरांनी ठरल्यापेक्षा जास्त सूट द्यायची नाही, आणि देतात का ते बघायला खोटी गिऱ्हाइकं पाठवायची, असं आयोगाच्या आदेशात होतं. वाचताना मला तो पोरगा आठवला. कंपनी अपिलात गेली. पण मी दिल्लीला तक्रार केली तर सोमवारी माल कोण देणार?

आता एक कबूल करतो, बाहेर बोलू नकोस. एमओपी मला हवीच आहे. ती नव्हती तेव्हा लोक माझ्याकडे तासभर लेन्स हाताळायचे, आणि पायऱ्या उतरता उतरता ऑनलाइन मागवायचे. भाव सारखा असला की माणूस म्हणतो, जाऊ दे, हातातच घेऊन जातो. माझं दुकान त्यावर उभं आहे. संताप येतो दसरा-दिवाळीत. तेव्हा त्याच लेन्सवर ऑनलाइन सेलमध्ये बँकेची दहा टक्के सूट निघते. ती किंमत नाही म्हणे, ऑफर आहे! मी अठराशे सोडले तो मात्र बाजार बिघडवणं.

भाव उतरला तरी मारच. 22 डिसेंबर 2018ला डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी 28वरून 18 टक्के झाल्याचं जाहीर झालं, लागू 1 जानेवारीपासून. मधले दिवस गिऱ्हाईक फक्त चौकशीला यायचं. ऐन लग्नसराईत मी गल्ल्यावर शब्दकोडी सोडवली.

आणि तुझे ते नऊ हजार कुठून वाचले, ते बिल काढून बघ. भारताचं वॉरंटी कार्ड आहे का आत? नसणारच, ग्रे माल आहे तो, कंपनीच्या अधिकृत वाटेनं न आलेला. लेन्स चांगली असेल, खोटी म्हणत नाही. फक्त फोकसची मोटर गेली तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तुझ्याकडून पहिल्या दिवसापासून पैसे घेतील.

पुढच्या महिन्यात येतोयस ना? पहाटे नांदूरमध्यमेश्वरला पक्षी टिपायला जाऊ, गर्दीच्या आधी मनोऱ्यावर जागा धरू. लेन्स आण, माउंट आणि फोकस तपासून देतो. फिल्टर मात्र माझ्याकडूनच घ्यायचा. त्याला एमओपी नाही, हवं तेवढं घासाघीस कर.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या