स्कॅलॉपांची ओळख केवळ कंगोऱ्यांवरून नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीतील जीवाश्मांवरचा लेख वाचनीय होता. मात्र नामशेष स्कॅलॉपांचे (दोन झडपांचा शिंपला असलेल्या समुद्री प्राण्यांचे) वर्गीकरण शिंपल्याच्या पंख्यासारख्या घडणीवरून आणि त्यावरील कंगोऱ्यांवरून होते, हे त्यातील विधान अपुरे आहे. जवळच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या काढताना कंगोऱ्यांची संख्या व ठेवण उपयोगी पडते, हे खरे. कुल ठरवताना मात्र त्यांच्यावर विसंबता येत नाही, कारण असे कंगोरेदार शिंपले दूरच्या नात्यातील प्राण्यांतही स्वतंत्रपणे घडलेले आहेत.

स्कॅलॉपांच्या पेक्टिनिडी कुलाची पक्की खूण उजव्या झडपेवर (शिंपल्याच्या उजव्या अर्ध्या भागावर), बिजागरीलगतच्या पुढच्या कानाखाली, म्हणजे कानासारख्या पुढे आलेल्या भागाखाली, असते. तेथील खाचेच्या कडेला बारीक दात ओळीने बसलेले असतात. त्यांना टिनोलियम म्हणतात. लहान वयात प्राणी ज्या तंतूंनी खडकाला धरून राहतो, ते तंतू या दातांमुळे एकमेकांपासून अलग राहतात आणि पाण्याच्या ओढीने शिंपला सहजी पिरगळला जात नाही. वरवर अगदी सारखे दिसणारे एंटोलिइडी हे कुल वेगळे मानले जाते, ते त्यात हे दात नसतात म्हणूनच. काही जातींत प्रौढपणी ते नाहीसे होतात. अशा वेळी वाढीच्या रेषांच्या आधारे मागे जाऊन शिंपल्याचा कोवळ्या वयातील भाग तपासावा लागतो. हा बारकावा लेखात यायला हवा होता.

लेखात उल्लेखिलेल्या चेसापेक्टन जेफरसोनियस या नामशेष स्कॅलॉपचीच गोष्ट घ्या. इंग्रज निसर्गअभ्यासक मार्टिन लिस्टर यांनी १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेले त्याचे चित्र हे उत्तर अमेरिकेतील जीवाश्माचे पहिले शास्त्रीय चित्र समजले जाते. अमेरिकी निसर्गअभ्यासक टॉमस से यांनी १८२४ मध्ये या जातीचे नामकरण करताना तिला पेक्टन या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) बसवले (त्या काळी बहुतेक स्कॅलॉपांची रवानगी तेथेच होत असे), आणि चेसापेक्टन ही स्वतंत्र प्रजाती मांडली जाण्यास १९७५ साल उजाडले.

कॅल्साइट आणि अॅरागोनाइट ही कॅल्शियम कार्बोनेटचीच दोन रूपे. स्कॅलॉपांचे शिंपले बव्हंशी कॅल्साइटचे असल्याने, ज्या थरांत अॅरागोनाइटचे शिंपले विरघळून नुसते ठसे उरतात, तेथेही ते टिकून राहतात. त्यामुळे तपासायला नमुने भरपूर मिळतात, पण त्यांची छायाचित्रे मात्र जवळजवळ नेहमी बाहेरच्या बाजूचीच छापली जातात. लेखाच्या पुढील भागात उजव्या झडपेचा कान व त्याखालची खाच स्पष्ट दिसेल असे एखादे छायाचित्र द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक