मशीन अडकलंय तोवर

मार्केट यार्ड, लातूर
बुधवार, दुपार

चि. सोनीस अनेक आशीर्वाद.

दुकानातलं कॉम्प्युटरचं मशीन चालू करून दहा मिनिटं झाली, पडद्यावर अजून गोलच फिरायलंय. तेवढ्यात पट्टीच्या (विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदाच्या) पॅडची पाठकोरी पानं घेऊन तुला लिहायला बसलो. फोनच केला असता, पण काल तू तीनदा ‘ठेवते अण्णा’ म्हणालीस.

आईनं सगळं सांगितलं. मीटिंगमध्ये दाखवता दाखवता तुझा कॉम्प्युटर गपकन थांबला, साहेब ‘पुढं जाऊ’ म्हणाले, आणि रात्री तुमच्या ग्रुपात कुणीतरी लिहिलं की मशीन मालकिणीवर गेलंय. तू ग्रुपच सोडून दिलास. बाई, रागावू नको, पण विनोद चांगला होता.

आता माझं ऐक. दिवाळीच्या तोंडावर यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडं सोयाबीन. सौदा निघाला की सगळ्यांना पट्टी एकदमच पाहिजे. कट्टे, वजन, ओलावा, भाव, त्यातून हमाली अन् तोलाई वजा. औशाकडचे एक मामा चौदा कट्टे घेऊन आलेले, बाकड्यावर टोपी मांडीवर ठेवून बसलेले. 2025 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, त्यांच्या मालाला लागला तो भाव त्याच्या बराच खाली. आणि मी त्यांना म्हणायलो, मामा, थोडं थांबा, मशीन विचार करायलंय. मामा शांतपणे म्हणाले, ‘करू द्या की. विचार करून भाव वाढवतंय का बघा.’

मला मान वर करवेना. शेवटी कार्बन घालून हातानं पट्टी लिहून दिली. मामांनी ती दोनदा वाचली, घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. छापील पट्टी कुणी अशी वाचलेली मला आठवत नाही, पण ते असो.

शेठनी दुरुस्तीवालं पोरगं बोलावलं. तुझ्याहून लहान असंल. त्यानं कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली आणि पडद्यावर बोट ठेवलं: डिस्क 100 टक्के. म्हणालं, ‘काका, रॅम म्हणजे तुमची गादी. हाताशी लागणाऱ्या वह्या तिथं. हार्डडिस्क म्हणजे मागचं गोडाऊन. गादी आहे 4 जीबीची, त्यात तुम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, व्हॉट्सॲप सगळं मांडलंय. गादीवर मावंना म्हणून हमाल एकेक वही गोडाऊनला नेतोय अन् परत आणतोय. मशीन काम कमी करतंय, हेलपाटेच जास्त मारतंय.’ हार्डडिस्कमध्ये खरोखरच तबकडी फिरती आणि एक काटा तिच्यावर पुढं-मागं धावतो, म्हणून वेळ लागतो. एसएसडी म्हणून दुसऱ्या जातीची डिस्क असती, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तीस वर्षं गादीवर बसलो, पण कॉम्प्युटर मला त्या दिवशी कळला.

मग पोरगं हळूच म्हणालं, ‘आणि गोडाऊनमधी हा कचरा कुणाचा?’ आमच्या दहावीच्या ग्रुपातले व्हिडिओ. गुड मॉर्निंग, लेझीम, कुणाच्या तरी नातवाचं जावळ. सगळं आपोआप उतरून बसलेलं. शेठ मागंच उभे होते. काय सांगू!

ते पुसल्यावर दोन दिवस बरं चाललं, पुन्हा येरे माझ्या मागल्या. विंडोज 10 ची नेहमीची अपडेटं 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली आणि विंडोज 11 ह्या खटाऱ्यावर चढत नाही. मग मी आठ दिवस एक केलं. मशीन किती वाजता अडकलं, किती मिनिटांनी सुटलं, हे पॅडच्या कडेला लिहीत गेलो. रोजचे पन्नासेक मिनिटं निघाले. कागद शेठपुढं ठेवला. तक्रार केली असती तर त्यांनी चहा मागवला असता, आकडा बघून मुंडी हलवली. एसएसडी येणार म्हणले, सीझन संपल्यावर. आडत दुकानात ह्याला ‘हो’ म्हणतात. तूही साहेबांना रडगाणं सांगू नको, तारीख-वार मिनिटं लिहून पाठव.

राहिला ग्रुप. मी ही हकिगत आमच्या दहावीच्या ग्रुपातल्या पोरांना (साठीला टेकलेल्या) सांगितली, आणि सुटलेच सगळे. उदगीरचा मास्तर म्हणला, ‘2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे याच्या पट्टीच्या आधी आली.’ दुबईवाला म्हणला, ‘लातूर पॅटर्नचं पोरगं नीटची परीक्षा देऊन डॉक्टर झालं, ह्याचं अजून लोडिंगच.’ मी त्या दिवशी हसलो. पण दोन वर्षांमागं असंच कुणीतरी माझ्या नोकरीवरून बोललं, अजून मुनीमच का म्हणून, आणि मीही रागानं ग्रुपातून बाहेर पडलो होतो. तुला माहीत नाही, आईलाही नाही. चार दिवस फोनमध्ये इतकी शांतता की मी दर तासाला बॅटरी बघायचो.

पाचव्या दिवशी ग्रुपातला रिटायर कंडक्टर दुकानात आला. काही बोलला नाही. चहा प्याला, मामा बसले होते त्याच बाकड्यावर बसून पेपर वाचला. जाताना पायरीवरून वळून म्हणाला, ‘गाडी वेशीतच थांबवलीय. बेल मारली नाही अजून.’ संध्याकाळी मी परत आत. कुणी माफी मागितली नाही, मास्तरनं फक्त लेझीमचा व्हिडिओ टाकला. तुमच्यातही एखादा कंडक्टर असंल, त्यानं मेसेज केला असंल तर बघ.

ट्रॅव्हल्सनं डबा पाठवलाय, शेंगदाण्याची चटणी आणि शेवटच्या सहा करंज्या. गाडी शुक्रवारी पहाटे पोचती. ड्रायव्हरचा नंबर आई पाठवील. फोन सायलेंटवर ठेवून झोपू नकोस, मागच्या वेळी डबा परत लातूरला आला होता.

तुझे,
अण्णा